तीन चिन्हांचं एक अक्षर

४ मार्च, मंगळवार

अक्षरं गेली! गणवेशांचा गठ्ठा शाळेत पोचवून पाचला घरी आले, चपला काढता काढता सवयीने समोर पाहिलं — स्क्रीनभर नुसता कचरा. टोप्या घातलेली परकी अक्षरं, पाय फुटलेले गोळे, अर्धवट चौकोन. कुणी अक्षरांचा डबा पालथा घातल्यासारखं. आणि ह्यांचं बटण चालूच — टिक, टिक, बीप. म्हणजे हे बोलतायत आणि समोर हे असलं उमटतंय!

धाकटे भावजी शेजारच्या खुर्चीत. तोंडावर वर्तमानपत्र, पोटावर हात. हलवून उठवलं तर डोळे चोळत म्हणतात, "मी हातसुद्धा लावला नाही हं, वहिनी!" लावला म्हटलं कुणी?

बंद केलं, चालू केलं. तेच. वायर काढली, फुंकर मारली, फडक्याने पुसली, परत बसवली. तेच. ह्यांना विचारलं, "तुम्हाला तरी नीट दिसतंय का?" पापणी दोनदा. दोनदा म्हणजे नाही.

दोन वर्षांत एकेक करत सगळं गेलं ह्यांचं. पाय, हात, गिळणं, मग आवाज. उरला उजवा अंगठा. त्या अंगठ्याखाली बटण, बटणाला वायर, वायरीला हा जुना कॉम्प्युटर. स्क्रीनवर मुळाक्षरांचा तक्ता. उजेडाची पट्टी ओळीओळीने खाली सरकते, हवी ती ओळ आली की दाबायचं, मग हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. ‘उशी’ म्हणायला अर्धं मिनिट. पण म्हणता येत होतं!

आणि वेळ तरी कसली साधली. डॉक्टर गेल्या शुक्रवारी स्पष्ट बोलून गेले. छातीचे स्नायू थकलेत. घशात नळी घालून श्वासाचं मशीन जोडायचं की नाही, हे चौदा तारखेपर्यंत ठरवा. "त्यांनी स्वतः सांगायला हवं. पापणीच्या होकारावर मी एवढी मोठी गोष्ट धरणार नाही. त्यांच्या शब्दांत लिहिलेलं हवं."

कालच हे लिहायला बसले होते. ‘मला न’ — एवढंच उमटलं. मी म्हटलं, "नको? नको म्हणायचंय का?" झालं! लेकीच्या डोळ्यांना धार लागली, भावजींनी व्याख्यान सुरू केलं — हिंमत काय, देव काय, शेजारचा कोण तरी दहा वर्षं मशीनवर जगला काय. तासभर चाललं. ‘न’च्या पुढे काही उमटलंच नाही.

पुढचं अक्षर आता येणारच नसेल तर?

५ मार्च, बुधवार

सकाळी तारवाल्यांना फोन. ह्यांचे टेलिफोन एक्स्चेंजमधले जोडीदार. सव्वीस वर्षं दोघांनी एका फळीवर तारा जोडल्या. खिशात कायम तारेचा तुकडा असतो म्हणून तारवाले. हा बटणाचा सगळा घाट दोघांनी मिळूनच घातला, ह्यांचे हात थोडेफार चालत होते तेव्हा. आता ते मुलाकडे राहतात, बसने आठ तासांवर.

"वहिनी, घाबरू नका. तक्त्याचा अगदी शेवटचा खण दाबा, ‘बाहेर’ लिहिलेला."

"सगळाच कचरा आहे हो. ‘बाहेर’ कुठला नि ‘आत’ कुठला!"

"खाली उजवीकडे. कोपऱ्यातला."

दाबला. स्क्रीन काळी झाली, वर एक रेघ लुकलुकायला लागली. मी इतकी घाबरले की बोट तिथेच. ते म्हणाले, ही टर्मिनल. इथे आपण थेट मशीनशी बोलतो. "आता इंग्रजीत टाइप करा. आर, ई, एस, ई, टी. मग मोठं बटण."

एका बोटाने शोधत शोधत टाइप केलं. स्क्रीन झटकल्यासारखी कोरी झाली. अहाहा! मग तक्ता आला — तोच कचरा.

त्यांनी समजावलं. मशीनला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर काढायचं, याचं कोष्टक असतं. कोष्टक चुकीचं लागलं की आकडे बरोबर असून अक्षरं भलतीच.

"म्हणजे मापं एका गिऱ्हाइकाची आणि त्यावर शिवलं दुसऱ्याचं."

"अगदी तेच! पण मापंच बिघडली असली तर मात्र अवघड आहे."

हे वाक्य ते उगाच बोलले. दिवसभर तेच डोक्यात. एका पँटचा पाय दोन बोटं आखूड कापला.

६ मार्च, गुरुवार

काहीच नाही. बीप मात्र दिवसभर. कोण ऐकतंय?

७ मार्च, शुक्रवार

पुठ्ठ्यावर जाड मार्करने मुळाक्षरं लिहिली. ह्यांच्या तोंडासमोर धरून एकेक अक्षरावर बोट ठेवत गेले — हवं तिथे पापणी मिटा. क, ख, ग... हे बघतायत माझ्याकडे. पुठ्ठ्याकडे नाही. ‘न’पाशी आले आणि माझंच बोट थांबलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मिटले ते मिटलेच, झोपल्याचं सोंग! तीस वर्षं ओळखते मी ते सोंग.

"तारवाल्यांना बोलावून घेऊ का?" पापणी दोनदा.

"नको? का नको?" त्याला पापणीचं उत्तर नसतं.

लेक दुकानातून आली — चष्म्याच्या दुकानात आहे ती — तिला सांगितलं. म्हणाली, "आई, तू सारखी त्यांच्या नाकासमोर पुठ्ठे धरतेस. त्यांना वैताग येतो."

"मग तू धर!"

"मी नाही धरणार. मला ते उत्तर नकोच आहे." आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. अर्धा तास. बाहेर हे, आत ती, मध्ये मी. तिघांच्या तीन तऱ्हा आणि बोलायला एक माणूस नाही.

भावजी येऊन गेले. सवयीने स्क्रीनसमोर उभे राहिले. एरवी आल्या आल्या मोठ्याने वाचतात — "पा-ठ-खा-ज-व. अरे वा, पाठ खाजव म्हणतोय!" — बातम्या दिल्यासारखं. आज बिचाऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. मला हसू आलं. ह्यांच्याकडे पाहिलं तर ह्यांचेही डोळे हसत होते! कधीपासून पाहिलं नव्हतं ते.

८ मार्च, शनिवार

आज मी शोध लावला! इथे फुशारकी मारते, बाहेर कुणापुढे मारू?

दुपारी काज करत बसले होते, समोर तो कचरा सरकत होता. बघता बघता डोळ्यांना कळलं — हे विस्कटलेलं नाही, ही नक्षी आहे. छापील कापडावर फूल-पान-फूल-पान परत परत येतं तसं. दर तीन चिन्हांतलं पहिलं तेच, तिरकी टोपी घातलेलं. दुसरं बहुतेक तेच, चार पायांचा गोळा, क्वचित दोन रेघा मारलेलं वेगळंच. फक्त तिसरं बदलतं. खडूने फरशीवर पन्नासेक चिन्हं उतरवून घेतली. एकही चुकलं नाही!

तारवाल्यांना फोन. ते ओरडलेच. "वहिनी! मग मापं शाबूत आहेत! आपल्या अक्षराला तिथे तीन खण लागतात. स्क्रीन त्या तिनांची तीन वेगळी अक्षरं समजतेय. तीन चिन्हांचं एक अक्षर! नुसतं कोष्टक बदललंय. हे मला आधी सांगायचं ना!"

आधी कसं सांगू? मी काय रोज अक्षरं मोजत बसते?

मग तासभर फोन कानाला. काळी स्क्रीन, लुकलुकती रेघ. "तिरकी रेघ." "डावीकडे झुकलेली की उजवीकडे?" "ठिपका." "कुठे?" "खाली, शेवटी." "तुम्ही ‘स्पेस’ दिली का?" "मी काही दिलं नाही." "द्यायची होती." चारदा चुकले. पाचव्यांदा मोठं बटण दाबलं —

आलं! तक्ता सरळ! क, ख, ग, आपापल्या जागी, देवासारखे. आणि खाली ह्यांनी लिहिलेलं. मी धावत जवळ गेले. एवढंच वाचलं: ‘आठवीत असताना मी एकदा’. तेवढ्यात बाहेरून गिऱ्हाइकाने हाक मारली. कमरेचं माप घेतलं, पावती दिली, दहा-बारा मिनिटं गेली असतील. परत येऊन बघते तर — तोच कचरा! सगळा. जसाच्या तसा.

तारवाले म्हणतात, असं आपोआप होत नाही. मग कसं झालं? भूत आहे का मशीनमध्ये?

आणि आठवीत काय?

९ मार्च, रविवार

ही वही अस्तराच्या कापडांखाली असते. तिथे कुणी हात घालत नाही. म्हणून लिहिते.

बुधवारी, सगळं बिघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मला क्षणभर बरं वाटलं होतं. ‘उशी’ नाही, ‘पाय’ नाही, ‘डास’ नाही. दीड बाही सलग शिवून झाली. हे एक.

दुसरं अजून वाईट आहे. ते नको म्हणाले तर? लेक कोसळेल, भावजी मला बोल लावतील. आणि मी? माझ्या पोटात कुठे तरी खोल एक गाठ सुटेल. दोन वर्षं मी दोन तासांपलीकडे सलग झोपले नाही. दोन वर्षं हातात सुई असली तरी कान त्यांच्या छातीशी. मला ते हवेत. आणि मला हे संपायला हवंय. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, काय करू!

लिहिलं. खोडत नाही.

हे त्यांना माझ्या तोंडावर दिसत असेल का? दिसतंच असेल. दुसरं करायला काय आहे त्यांना? दिवसभर माझं तोंडच तर बघतात.

१० मार्च, सोमवार

तारवाल्यांनी टर्मिनलमध्ये एक शब्द टाकायला सांगितला, त्याने फाइल केवढी आहे ते दिसतं. गेल्या सोमवारी होती त्याच्या नऊपट झालीय.

तारवाले म्हणाले, "वहिनी, हा माणूस लिहितोय. दाबून लिहितोय."

"अक्षरं दिसत नसताना?"

"त्याला कशाला दिसायला हवीत? तक्त्याच्या प्रत्येक ओळीचा बीप वेगळा लावलाय आम्ही. एक्स्चेंजमधली वीज गेली की हा अंधारात बोटांनी तारा ओळखायचा."

मी त्या खोलीत जाऊन उभी राहिले. टिक. बीप. टिक. इतके दिवस मला वाटत होतं, बिचारे चाचपडतायत. चाचपडत नव्हते. सरळ, न थांबता, एका लयीत चाललं होतं, माझं शिलाई मशीन चालतं तसं. मी आलेली कळली आणि बटण थांबलं.

नळीबद्दलच असणार सगळं. दुसरं काय असणार? चार दिवस उरले. तारवाले रात्रीची बस धरतायत. ह्यांना विचारलं नाही. सांगितलं फक्त.

११ मार्च, मंगळवार

तारवाले आले. केस सगळे पांढरे झालेत. आधी ह्यांच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "काय रे साहेबा, लाइन बिघडली म्हणे." हे बघतच राहिले त्यांच्याकडे. पापणी नाही, काही नाही.

स्टूल ओढून बसले. काळी स्क्रीन. बोटं अशी धावत होती की मला लाज वाटली माझ्या एका बोटाची. दहा मिनिटांत थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा पाहिलं.

"वहिनी, जरा जिन्यात येता?"

वाटलं, सगळं पुसलं गेलं. जिन्यात त्यांनी खिशातला तारेचा तुकडा काढला आणि बोटाभोवती गुंडाळत बसले.

"टर्मिनलमध्ये कोणी काय टाइप केलं, कधी केलं, त्याची नोंद राहते. कोष्टक बदललंय गेल्या मंगळवारी. चार वाजून दहा मिनिटांनी पहिलं अक्षर, चार एकवीसला शेवटचं. एक ओळ, त्रेचाळीस अक्षरं, अकरा मिनिटं. म्हणजे एका अक्षराला पंधरा सेकंद."

"मग? भावजी होते तेव्हा घरात. त्यांनीच काही तरी—"

"भावजींना स्वतःचं नाव टाइप करायला जमेल का? आणि ही ओळ एका फटक्यात बरोबर आहे. एक ठिपका चुकला नाही. शनिवारी तुम्ही दुरुस्त केलं, त्यानंतर पुन्हा तीच ओळ. तोच वेग. त्याचं बटण टर्मिनलमध्येही चालतं, इंग्रजी अक्षरांवर. पंधरा सेकंदाला एक अक्षर असं टाइप करणारा या घरात एकच माणूस आहे."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा पायरीवर बसले.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. फाइलमध्ये सगळं नीट आहे. फक्त दाखवायचं नाही, एवढंच केलंय त्याने. ती ओळ काढणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण मी त्याला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

"मला काय कळू नये असं आहे त्यात?" माझा आवाज पार वरच्या मजल्यापर्यंत गेला. "मी पुसते त्यांचं सगळं! नखं कापते, लाळ पुसते, गू-मूत काढते! आणि मलाच—"

"म्हणूनच असेल वहिनी," असं काही तरी ते म्हणाले. मी ऐकलं नाही. कपडे वाळत घालायला वर गेले. पहाटेच वाळत घातलेले होते ते. काढले आणि परत घातले.

१२ मार्च, बुधवार

काल दिवसभर बोलले नाही ह्यांच्याशी. अंग पुसलं, कूस बदलली, पोटात घातलेल्या नळीतून औषध दिलं, सगळं मुकाट्याने. ते माझ्याकडे बघायचे, मी उशीच्या अभ्र्याकडे.

आज सकाळी सहन होईना. खुर्ची ओढून समोर बसले. "तुम्हीच केलंत?" पापणी एकदा. हो.

"आठ दिवस मी वेड्यासारखी फोन लावतेय, पुठ्ठे रंगवतेय, तुम्हाला दिसत होतं ना?" एकदा. "आणि मजा वाटत होती?" पापणी दोनदा. मग जरा वेळाने एकदा! म्हणजे थोडी वाटत होती! माणूस आहे की कोण!

मी म्हटलं, सांगा मग. तारवाल्यांनी विचारलं, सरळ करू का, तेवढ्यापुरतं, आधीचं झाकून ठेवतो. पापणी एकदा. स्क्रीन सरळ झाली. वर कोरी जागा.

टिक. बीप. ‘स’. ‘ग’. माझ्या ओठांवर ‘सगळे’ आलं होतं. दातांत दोरा धरतात तसा ओठ धरून ठेवला. कशाला सांगू किती कठीण गेलं ते. दुसऱ्याचं वाक्य न संपवता बसून राहणं म्हणजे शिंक दाबण्यासारखं आहे. चौदा मिनिटं लागली.

‘सगळे वाचतात. मधेच संपवतात. मला दार लावून बसायचं होतं.’

एवढंच.

मी मागे वळून दाराकडे पाहिलं. स्क्रीन भिंतीवर, बरोबर दारासमोर. मीच तिथे लावून घेतली, शिवता शिवता दिसावी म्हणून. अंगठ्याएवढी जाड अक्षरं. दूधवाल्यालासुद्धा दिसतात. जिना चढणाऱ्या कुणालाही कळतं, ह्यांना आज कुठे खाज सुटलीय. आवाज गेल्यापासून या माणसाने एक शब्द असा उच्चारला नाही जो सगळ्या घराने वाचला नाही. शिवी नाही, कुरकुर नाही, मनातलं काही नाही. आणि मी! मी अस्तरं बाजूला सारून हव्या त्या वेळी इथे येते, हवं ते ओकते आणि वही मिटते. रविवारचं पान उघडून पाहिलं. ते जर भिंतीवर लागलं असतं तर?

मला एकदम खूप लाज वाटली. रागाचं काय झालं कळलंच नाही.

"माझ्याबद्दल आहे त्यात?" पापणी एकदा.

"वाईट?"

पापणी नाही. टिक, बीप. ‘सगळंच आहे.’

मी हसले की रडले कोण जाणे. नाक पुसलं त्यांचं आणि माझं, एकाच फडक्याला. मग विचारलंच. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं: "त्या सोमवारी... नकोच म्हणणार होतात ना?"

पापणी एकदा. स्पष्ट. हो.

म्हणजे मी बरोबर ओळखलं होतं. बरोबर ओळखलं म्हणून कुठे बरं वाटतंय?

लेकीला अजून सांगितलेलं नाही. शुक्रवारी डॉक्टरांकडूनच कळू दे.

१३ मार्च, गुरुवार

तारवाल्यांनी युक्ती केली. आता तक्त्यात दोन खण वाढलेत — ‘उघडं’ आणि ‘मिटलेलं’. मिटलेलं दाबलं की स्क्रीनवर कचरा, उघडं दाबलं की अक्षरं. मिटलेल्यात लिहिलेलं वेगळ्या फाइलमध्ये जातं, ती कुणी उघडायची नाही. शेवटची ओळ त्यांनी मला टाकायला लावली. "तुमच्या हातून होऊ द्या." त्रेचाळीस अक्षरं. मला सहा मिनिटं लागली. ह्यांच्यापेक्षा फार काही वेगवान नाही मी! पण एकही ठिपका चुकला नाही.

मोठं बटण दाबायच्या आधी ह्यांच्याकडे पाहिलं. पापणी एकदा. दाबलं.

भावजी आले, स्क्रीनसमोर उभे राहिले. कचरा. "अजून बिघडलेलंच?" मी म्हटलं, "नाही. ते कामात आहेत." त्यांना काही कळलं नाही. पण खुर्ची फिरवून, स्क्रीनकडे पाठ करून बसले. देवमाणूस आहे खरा.

तारवाले दुपारच्या बसने गेले. जाताना ह्यांच्या अंगठ्यावर हात ठेवला. दारात मला म्हणाले, "उद्या काहीही म्हणाला तरी, त्याने स्वतः म्हटलेलं असेल."

हो. माहीत आहे. बीप चालू आहेत. सकाळपासून थांबले नाहीत. मी दार ओढून घेतलं आणि इकडे येऊन बसले. काही शिवत नाहीये. सुईत दोरा ओवते, काढते, ओवते.

उद्याची तयारी केली मनाची. नको. नको. नको. शंभरदा म्हटलं, म्हणजे उद्या ऐकताना नवीन वाटायला नको.

१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टर अकराला आले. मी, लेक, भावजी, तिघंही स्क्रीनकडे पाठ करून उभे. मी भिंतीवरचा एक खिळा बघत होते. उघडं झालेलं बीपवरून कळलं. मग बराच वेळ टिक, टिक. लेकीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं:

"मशीन लावा. लिहायचं बरंच राहिलंय."